माउसवरचे फूल

५ ऑक्टोबर २०११, बुधवार, खंडेनवमी. संध्याकाळचे सव्वासात. रशीदचाचांकडून आत्ताच आलो, पायरीवर बसून लिहितो आहे.

आईने संध्याकाळी विळा, फावडे आणि माझा कॉम्प्युटर एका ओळीत पुजला. माउसवर झेंडूचे फूल ठेवले. तीन महिने टाळलेले सुरक्षेचे अपडेट आज करायचे म्हणून मी नेट जोडले होते. पडद्यावर ‘आता करू का?’ असे विचारणारी चौकट होती. पण पुजलेल्या अवजाराला आज हात लावायचा नसतो, म्हणून थांबलो. एका दिवसाने काय होते, असे वाटले.

तेवढ्यात पडद्यावरचा बाण हलला. सावकाश चौकटीपाशी गेला आणि त्याने ‘नाही’ दाबले. माउसवरचे फूल जागचे हलले नव्हते.

“आई, तू हात लावला काय?”

“मी कायले लावू? हात जोडून बसली ना मी!”

मग बाणाने फोल्डर उघडला. फॉर्म भरून द्यावेत म्हणून गावातल्या अकरा घरांनी माझ्याकडे दिलेल्या पासबुकांचे फोटो त्यात आहेत. एक उघडला, मिटला, दुसरा उघडला. कोणीतरी वाचत होते. फूल तसेच.

“आज नको रे बाप्पा, पाप लागते!” आई ओरडली, तरी मी नेटची वायर उपटली.

आधी शेजारच्या रशीदचाचांकडे गेलो. म्हणालो, “चाचा, तुमचं पासबुक...”

“तुयापाशी हाय ना? मंग तिजोरीत हाय.”

मी सगळे सांगितले. “उद्या दसरा, बँक बंद हाय” एवढेच ते म्हणाले आणि दार लोटून घेतले.

अजून दहा घरे आहेत.