ओढ्यावर भेटलीस म्हणे

आई, तू जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज तुला सांगायचंय ते माझ्या पोटाबद्दल. मोहोपाड्याच्या कारखान्यात पाळ्या करताना मी जेवणाची वेळ पार मोडून टाकली. कंबर दुखली की रिकाम्या पोटी गोळी, वर चहा. गेल्या वर्षी घास गिळला की आत निखारा ठेवल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि जठरात व्रण आहे म्हणाले. कंबरेच्या गोळ्या बंद करायच्या, औषध चुकवायचं नाही, ठरल्या वेळी साधं जेवायचं, एवढंच त्यांचं सांगणं. औषध घेत होतो, पण जेवण जमेना. ताटाचीच भीती बसली होती. घरात मी एकटाच, त्यामुळे कुणाला कळलंही नाही.

मग ती आली. डोंगरावरच्या वाडीतली म्हातारी, पावसाळ्यात तुझ्याकडे टाकळ्याची भाजी घेऊन यायची ती. तू गेल्यापासून ती आपल्या कुंभिवलीत फिरकलीच नव्हती. भर दुपार आहे, हायवेचा आवाज त्या घटकेला का कोण जाणे थांबलाय. ती दारात टोपली टेकवते आणि म्हणते, "तुजी आय भेटली रं वढ्यावर. म्हनली, पोरगा जेवत नाय, जरा बघ."

कधी, म्हणून मी विचारलं.

"आताच की. पोट धरून बसली व्हती."

तुला तसं बसलेलं माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी, गॅस झाला असेल म्हणत तुला गोळी दिली आणि मी पाळीला निघून गेलो. आठवड्यात तू गेलीस.

तू नाहीस, हे मी तिला सांगितलं नाही. मऊ भात आणि मुगाचं वरण केलं. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत ती समोर बसून होती. परत जाताना मात्र ओढ्याची वाट सोडून लांबच्या रस्त्याने गेली.

त्या दिवसापासून एकही जेवण चुकवलं नाही. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा व्रण भरला होता. आता भाकरी पचते, दुपारी ताक घेतो, वेळेला भूक लागते.

हे पत्र ओढ्यावर ठेवून यावं, असं मनात आहे. दोनदा चप्पल घातली आणि काढली. खरं सांगतो, भीती वाटते. तू तिथे असलीस, आणि अजून दुखतंय म्हणालीस, तर?