पांढऱ्या पट्ट्याची पिप

ॲबरडीन

प्रिय बाबा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

माझी फेरेट, ती मुंगसासारखी लांबुडकी पिप, हरवली. दार उघडं राहिलं. तुम्ही शिकवलंत तसा खाऊचा डबा खुळखुळवत रोज गल्लोगल्ली फिरले. तुमचे फेरेट त्या आवाजाला कसे धावत यायचे! ही आलीच नाही.

काल शेजारच्या मॉरागबाईंनी पिपचा फोटो पाहिला. त्याही फेरेट पाळतात. म्हणाल्या, "अगं वेडे, कपाळापासून मानेपर्यंत पांढरा पट्टा! असली पिल्लं बहुतेक जन्मतःच बहिरी. डबा कुणासाठी वाजवतेस?"

त्या पट्ट्यावर भाळूनच तिला घेतलं होतं. हाकेला वळायची नाही, म्हणून हट्टी म्हणत राहिले.

आता काही सुचत नाही. बाबा, हल्ली तुम्हीही फोन उचलत नाही. वाजलेला ऐकू येतो ना तुम्हाला?

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेली,
हेस्टर