शनिवारचं हसू

आई, उद्या चर्चच्या महिला मंडळात मला बोलायचंय. विषय दिलाय ‘हसण्याचे आशीर्वाद’. पाळकसाहेब म्हणाले, तुमच्या आईची साक्ष सांगा, तुमच्याइतकं हे कोण सांगणार. मी हो म्हणून बसले आणि कालपासून हा कागद पुढ्यात आहे.

तुझा नेमच होता. रविवारी प्रभुभोजन असलं की शनिवारी संध्याकाळी, ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या दारात जायचं आणि त्याच्याकडे बघून हसायचं. वाद उकरायचा नाही, कोण चुकलं ते काढायचं नाही. मनात अढी ठेवून प्रभूची ती भाकर तोंडात घालू नये, म्हणायचीस. हसलं की समोरच्याचं राहू दे, आपलीच छाती हलकी होते, प्रार्थनेत शब्द अडत नाहीत, असा तुझा हिशेब. मला मेली लाज वाटायची. शेजारीण तणतणत धुणं वाळत घालत असायची आणि तू तिच्यापुढे उभी राहून नुसती हसायचीस!

ते विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेले दिवस. देवगाव फाट्यापलीकडून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या. आपण ख्रिस्ती, तू मिशनच्या शाळेतली मास्तरीणबाई, पण गावाच्या लेखी आपण दलितवस्तीतलेच. गिरणीवाल्याने त्या आठवड्यात तुझा ज्वारीचा डबा तसाच परत केला होता. “तुमच्या लोकायचं दळण आता इथं न्हाई.” तरी शनिवारी तू पदर सारखा केलास आणि मला म्हणालीस, “चल.” मी दहा वर्षांची. तुझा हात धरला तर तो घामाने ओला होता.

गिरणीपुढे पाच-सहा जण बसलेत, दोघांच्या हातात काठ्या. आत पट्टा फटफटतोय. तू गिरणीवाल्याकडे बघून हसतेस. तो मान खाली घालतो, पण एक काठीवाला उठतो. परगावचा असावा, तुला ओळखत नाही.

“कामून हसायलीस? आमची थट्टा करायलीस का?”

“न्हाई दादा. उद्या आमचं प्रभुभोजन हाय. कुणाबद्दल मनात राग ठेवून जाता येत न्हाई. म्हणून आले.”

त्याला यातलं काही कळत नाही. तो माझ्याकडे वळतो. “ए पोरी, ही तुझी माय का?”

मी तुझा हात सोडते. “न्हाई. मी दळणाला आले.” आणि सरकत सरकत रांगेतल्या बायांमागे जाऊन उभी राहते. त्या बायांना माहीत होतं. गिरणीवाल्यालाही माहीत होतं. काठी तुझ्या पायांपुढे आपटली तेव्हा गिरणीवाला एवढंच म्हणाला, “जाऊ द्या, मास्तरीण हाय. जा बाई, लवकर जा.” तू एकटी निघालीस.

मी घरी पोचले तेव्हा तू चुलीपुढे होतीस. मी दारातच थांबले. मारशील अशी भीती होती, आणि मारावंस असंही वाटत होतं. तू मान वर केलीस आणि हसलीस. ते मला रोज मिळायचं ते हसू नव्हतं, आई. लोकांच्या दारात उभी राहून हसायचीस, ते होतं.

पुढच्या आठवड्यात वस्तीतली दोन छपरं जळाली, आपलं राहिलं. मास्तरीणबाईच्या हसण्याने प्रभूने राखलं, असं चर्चमध्ये सगळे म्हणाले. मीही चाळीस वर्षं तेच सांगत आले. लोक डोळे पुसतात. तू त्यानंतर बारा वर्षं होतीस. आपण त्यावर एकदाही बोललो नाही. मंडळापुढे उद्या गिरणी येईल, काठी येईल, माझं ‘न्हाई’ येणार नाही. ते या कागदावर लिहिलं, तेवढंच.

परवा शेजारी राहायला आलेल्या बाईने भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, “ही तुमची आई का?” मी हो म्हणाले. पण त्याआधी मी दाराकडे पाहिलं, कोणी उभं नाही ना.