थर्मासमधली अंडाशयं

प्रिय उना,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. आज एडिंबरोत दिवसभर समुद्राकडचं धुकं आहे आणि मला सारखी आपली प्रयोगशाळा आठवतेय. कत्तलखान्यातून तू मेंढ्यांची अंडाशयं थर्मासमध्ये घेऊन यायचीस. एकदा तोच थर्मास उघडून ड्रमंड सर चहा ओतायला निघाले होते! त्यांचा चेहरा आठवून मी अजूनही एकटीच हसते.

अंडाशयातल्या पेशींना आपण इतर प्रयोगशाळांसारखंच रक्तातलं पोषक सीरम भरपूर पाजायचो. त्या भराभर वाढायच्या, पसरायच्या, पण इस्ट्रोजेन बनवायचं विसरून जायच्या. “लाडावून ठेवलंय आपण यांना,” असं म्हणून तू सीरम बंदच केलंस. थेंबभर इन्सुलिन आणि मेंदूजवळच्या ग्रंथीतलं ते संप्रेरक, तेही कणभर. “उपाशी मरतील गं पोरी,” सर म्हणाले. मेल्या नाहीत. सावकाश वाढल्या, एकमेकींना बिलगून बसल्या आणि इस्ट्रोजेन बनवू लागल्या. तू मला धरून टेबलांमधून नाचवलंस. “ही काय नाचायची जागा आहे?” सर ओरडले, पण त्यांचाही पाय ठेका धरत होता.

त्याच हिवाळ्यात तुझ्या मानेत कर्करोगाची गाठ निघाली. औषधांनी तू वाचलीस, तुझी अंडाशयं मात्र कायमची थांबली. परत आलीस तेव्हा सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहत राहिलीस. “यांचं तरी नीट चाललंय, एल्सी,” एवढंच म्हणालीस. मग तू ऑर्कनी बेटांवर राहायला गेलीस. माझी लेक मॉर्वेन झाल्याचं मी तुला घाबरतच कळवलं, तर तू तिच्यासाठी स्वेटर विणून पाठवलास.

उना, मॉर्वेनला तुझाच आजार झालाय. आता उपचारांआधी अंडाशयाचा तुकडा काढून गोठवून ठेवतात, बरं झाल्यावर परत बसवतात. तेही आधी मेंढ्यांवरच करून पाहिलेलं. पण ती ऐकत नाही. “आधी जगू तर दे मला, आई! पोराबाळांचं काय घेऊन बसलीस?” म्हणते आणि दार लावून घेते. माझ्या बोलण्यात तिला नातवंडाची हाव दिसते. कदाचित असेलही. डॉक्टर सोमवारपर्यंत थांबतील. तू तिला पटवू नकोस. नुसती तिच्याजवळ बस आणि नंतरची वर्षं कशी गेली ते खरंखरं सांग, मला कधीच सांगितलं नाहीस तसं. तुला तेव्हा निवड नव्हती, तिला आहे. ऐकून ती नाही म्हणाली, तर मीही गप्प बसेन. किती जड मागणं आहे हे, कळतंय गं मला. तरी ये.

तुझीच,
एल्स्पेथ