हालू नका

अकोला, ३ मे १९५९

पंचफुलाबाई, जयभीम.

तू इचारलं, तुहे मालक श्रावण भाटवे पूर्णा नदीत कसे बुडाले. मी म्हनलं, पाह्यलं नाही.

त्या दिवशी चंद्रभान पाटलानं आपली जुनी विलायती मोटर काठावर लावून नदीसकट फोटो काढाले मलेच बलावलं होतं. मोटर धुवाले भाटव्यायनं साफ नकार देला, हे मले मागून समजलं. काळ्या कपड्याखाली कॅमेऱ्याच्या काचेवर सारं उलटं दिसते, बाई. मागं पान्यात तिघं जन एकाले बुचकळून राहिले होते. मले वाटलं, पोहनारायची मस्ती हाय. फोटोत पुसट येतीन म्हनून मी कपड्याखालूनच खेकसलो, "ओ पान्यातले! हालू नका!"

त्यायनं ऐकलं. मी सावकाश प्लेट बसवली, भिंगाचं झाकन काढलं अन् घड्याळावर नजर ठेवून दहा मोजले. उजेड कमी वाटला, म्हनून आनखी दहा.

फोटो धुतला तवा समजलं. मोटर, पाटील, मान दाबनारे दोघं, तिसऱ्याच्या हातातलं मोटर चालू करायचं लोखंडी हँडल, सारं साफ आलं.

हालले ते एकटे भाटवे.

सहा पत्रं फाडली. हेही टपालात पडत नाही.

तुहा भाऊ,
जानराव