आमच्याकडचा स्ट्रायकर

३ मे २००३, शनिवार

पुन्हा नाही! तिसरी मॅच, गोल शून्य. समोर उघडं नेट, गोलकीपर आडवा पडलेला, आणि आमच्या डीनने चेंडू मारला कुठे — थेट पार्किंग लॉटमध्ये! मी उभी राहून ओरडले, "अरे, काय करतोस हे!" चक्क मराठीत. सगळे वळून बघायला लागले. हे म्हणाले, "वसुधा, खाली बस." बसते कसली!

आता त्याला घरात ठेवून घ्यायची कल्पना माझीच, म्हणजे तक्रार करायची सोय नाही. एवढासा क्लब, खेळाडूंना हॉटेलात कुठून ठेवणार? म्हणून आमच्या बॉथेल गावातल्या लोकांच्या घरी ठेवतात. लायब्ररीत कागद लावला होता. आमचा ओजस बॉस्टनला नोकरीला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच, देऊन टाकलं नाव. वाटलं, विशीतलं पोरगं येईल. आला हा — एकतीस वर्षांचा, पुढून टक्कल पडायला लागलेला. इंग्लंडमध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये अकरा वर्षं काढली, सात क्लब बदलले. आणि म्हणे स्ट्रायकर. म्हणजे गोल करणं हेच ज्याचं काम, तो!

५ मे

चिखलाचे बूट दारापासून थेट देवापर्यंत! पायपुसणं काय शोभेला ठेवलंय? चार वेळा सांगून झालं. "सॉरी, काकू." काकू म्हणायला मात्र लगेच शिकला.

९ मे, शुक्रवार

आज जेवताना बोलला जरा. एरवी तोंडात मूग. एका सीझनचं काँट्रॅक्ट आहे, पण कोच मध्येच कधीही काढू शकतो. काढलं तर घरी जाऊन मेहुण्याबरोबर छपरं दुरुस्त करायची. इंग्लंडमध्ये आता कोणी घेणार नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, दुसरं काही येत नाही. "दिस इज द लास्ट वन, काकू."

म्हटलं, आधी नीट जेव. अंगात ताकद असेल तर गोल होतील.

जेवतो मात्र छान! वाढलं की संपवतो, संपलं की मी वाढते. नको हा शब्द नाही. ओजसला तिसरी पोळी वाढायला गेलं की "मॉम, स्टॉप!" आणि ताटावर दोन्ही हात. हा बिचारा ताट असं लख्ख करतो की बघत राहावं.

१७ मे, शनिवार

मॅचच्या आधी पुरणपोळ्या केल्या. साडेचार खाल्ल्या, वर आमरस. गोल नाही. दोनदा धावता धावता थांबला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. अरे, बागेत फिरायला आलायस का?

२४ मे

शैलजाचा फोन. "काय गं, तुझा स्ट्रायकर संपावर आहे का?" आणि खी खी खी. महाराष्ट्र मंडळात आता हाच विनोद. हसले मीही, पण फोन ठेवल्यावर इतका राग आला! तिच्यावर नाही, ह्याच्यावर.

७ जून, शनिवार

बाकावर बसवलं. नव्वद मिनिटं. तो कोच गॉगल लावून च्युइंग गम चघळतोय आणि एकतीस वर्षांचा बाप्या वीस वर्षांच्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्या भरतोय. मला बघवेना. हे म्हणाले, "चल घरी जाऊ." क्रिकेटशिवाय ह्यांना कशात रस असेल तर शप्पथ! मी नाही गेले. शेवटपर्यंत बसले.

१० जून

काय लिहू? माझीच चूक. माझीच!

कोचने वजन केलं. आल्यापासून अकरा पाउंड वाढलंय. अकरा! म्हणून धावता येत नव्हतं, म्हणून बाकावर. म्हटलं, "अरे, मग नको म्हणायचं की!" तर म्हणतो, आईने लहानपणी शिकवलं होतं, दुसऱ्याच्या घरी ताटात काही टाकायचं नाही, वाईट दिसतं. "पण मी संपवलं की तुम्ही परत वाढायचात. मला वाटलं, मी अजून पुरेसं खाल्लं नाही."

आणि मला काय वाटत होतं? ताट रिकामं म्हणजे पोरगं अजून भुकेलं. आपल्यात रिकाम्या ताटावर कोणाला बसवून ठेवतात का! हात आडवा धरून तीनदा नको म्हणेपर्यंत वाढायचं, हीच रीत. तो त्याचा सभ्यपणा करत राहिला, मी माझा. दोन महिने! ह्यांना सांगितलं तर हसत सुटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एखाद्याची भाकरी जायची ती माझ्या पोळ्यांनी?

११ जून

पुरे आता. तूप बंद, भात बंद, बटाटा बंद. नवा वजनकाटा आणलाय. उकडलेलं चिकन, अंड्यातलं पांढरं, पालेभाज्या. माझ्याच घरात मी चिकन शिजवतेय, आई असती तर उंबरा ओलांडला नसता तिने. हे ताट बघून म्हणाले, "मला कसली शिक्षा?" म्हटलं, तुम्हालाही गरज आहे.

१४ जून

पुन्हा बाकावर. पण दोन पाउंड कमी!

२१ जून, शनिवार

आज निघायची तयारी केली, थर्मास भरला, तर डीन जिन्यात उभा. "काकू, तुम्ही मॅचला येऊ नका. तुम्ही असलात की मला टेन्शन येतं."

मी काय पनवती आहे? पावसात बसले, उन्हात बसले, लोकांची थट्टा ऐकली, आणि मलाच येऊ नका! दुपारभर कपाटं आवरत बसले. हे म्हणतात, खेळाडू असेच असतात, मनाला लावून घेऊ नकोस. ह्यांना सांगायला काय जातंय!

२५ जून

वजन: पाच पाउंड कमी.

३० जून, सोमवार

बाकी काही असो, बुटांचं एकदाचं डोक्यात शिरलं. हल्ली इतके स्वच्छ असतात! नऊला बॅग घेऊन निघतो, पाचला येतो. सोडते म्हटलं तर नको, बसने जातो. चालणं होतं म्हणे. बरंच आहे.

मॅचचं काही सांगत नाही. "प्लेड अ बिट." एवढंच.

४ जुलै

मंडळाची पिकनिक. डीन आला नाही. जो तो विचारतो, "झाला का गोल?" मी आता विषयच बदलते. ओजसलाही फोनवर सांगत नाही. तो म्हणतो, "आई, ही इज नॉट युअर प्रॉब्लेम." मग कोणाचा? त्याला लठ्ठ कोणी केलं?

८ जुलै, मंगळवार

आज माझं डोकं फिरलं. नऊ पाउंड उतरलेत. जवळजवळ आला तेव्हा होता तसा झालाय. तरी गोल नाही! सकाळी काट्यावर उभा होता आणि मी सुरू झाले. मी साडेपाचला उठून तुझी अंडी उकडते, ह्यांनाही तसलंच गवत खायला घालते, स्वतःही तेच खाते, आणि तू? प्रयत्न तरी करतोस का? का नुसता जाऊन येतोस? असं असेल तर सरळ जा मेहुण्याकडे!

काट्यावरच उभा होता, खाली मान घालून. एवढा थोराड माणूस. म्हणाला, "सॉरी, काकू. या शनिवारी करतो."

बोलायला नको होतं. शेवटचं वाक्य तर नकोच होतं.

१२ जुलै, शनिवार

गोल!!! केला! डीनने गोल केला!

बाहेरगावी मॅच होती. सकाळीच गेला, संध्याकाळी आला आणि दारातच म्हणाला, "काकू, आय स्कोअर्ड." मी त्याचे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. कसा? केव्हा? सगळं सांग! दुसऱ्या हाफमध्ये, कॉर्नरवरून चेंडू आला, ह्याने उडी मारून डोक्याने डावीकडे घातला. गोलकीपर नुसता बघत राहिला म्हणे. मी दोनदा सांगायला लावलं. माझ्या डोळ्यांना धारा, आणि त्याचेही डोळे भरले होते.

ओजसला फोन, शैलजाला फोन! म्हटलं, संप मिटला गं बाई!

१३ जुलै, रविवार

हे पेपर चाळून म्हणाले, "ह्यात डीनचं नाव नाही." पेपरवाल्यांना बेसबॉलशिवाय दिसतं काय! तोंड गोड करायचं सोडून चौकशा कसल्या?

पेढे करायचेच. मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क, मायक्रोवेव्हमध्ये होतात पटकन. मॅचला येऊ नका म्हणालाय, प्रॅक्टिसला नाही. कोचच्या हातावर ठेवीन पहिला. घे म्हणावं, बाकावर बसवत होतास ना!

१६ जुलै, बुधवार

पेढे घेऊन ग्राउंडवर गेले. कोच म्हणाला, कशाचे? म्हटलं, डीनच्या गोलचे. त्याने गॉगल काढला. म्हणाला, "मॅम, डीनला आम्ही वीस जूनलाच सोडलं. तुम्हाला तो स्वतः सांगणार होता." मी विचारलं, वजनामुळे? नाही म्हणाला. पाय संपलेत त्याचे, इथे आला तेव्हाच संपले होते.

पाचला आला. बॅग ठेवली. म्हणाला, "गुड प्रॅक्टिस टुडे, काकू."

मी म्हटलं, बस, वाढते.