गोळी म्हणजे औषध नव्हे

३ फेब्रु. ५४
आज पुन्हा फुटलेलं पोट. बाबगोंडा, शिरोळकडचा जैन शेतकरी, पन्नाशीचा. सकाळी एकाएकी पोट धरून आडवा झाला. गावात बेंबी सरकली म्हणून चोळून बसवली. कळ ओसरली, तरी भावाने मोटारीत घालून आणला हे नशीब. भाऊ म्हणतो, "आता बरं हाय की! बेंबी बसली." पोट पाटासारखं कडक. यकृतावर बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज, म्हणजे आत हवा सुटलेली. बरं कसलं!
आमच्या सर्जनसाहेबांनी लगेच पोट उघडलं. जठराच्या तोंडाशी मसुराएवढं भोक. चरबीचा पदर ओढून वर टाके घातले.

४ फेब्रु.
पोट का फुटतं, याला साहेबांचं ठरलेलं उत्तर : "कोल्हापूर आहे बाबा. तिखट!" पण हा कांदा-लसूण खात नाही, मिरची बेताची, विडी नाही. मग? फुटलेल्या पोटांची नोंद ठेवतो त्या माझ्या वहीत आजवर सगळे पुरुष, बहुतेक विडीवाले. जुन्या पुस्तकांत मात्र तरुण मुलींची पोटं फुटतात! आमच्याकडे एक बाई नाही. रोगही काळाप्रमाणे माणसं बदलतो की काय?
साहेब : "टाके बघ, पुस्तकं नंतर."
आईच्या गोळ्या संपल्यात. उद्या नेऊन द्यायच्या, विसरू नये.

६ फेब्रु.
बाबगोंडाला ताप, उचकी. नाकात नळी, सलाईन, पेनिसिलिन चालू. भाऊ व्हरांड्यात बसून. हा माणूस जगायला हवा. नुसता उत्तरासाठी नव्हे. (थोडा उत्तरासाठीही.)

९ फेब्रु.
ताप उतरला! पुन्हा विचारलं, औषध काय घेत होता? तिसऱ्यांदा तेच, "काय न्हाय." मी वळलो, तर म्हणतो, "डाक्टर, ढोपराची गोळी कवापास्नं चालू करू?"
"कसली गोळी?"
"पांढरी. वाण्याकडची. रोज तीन-चार, सकाळी उपाशीपोटी."
"अहो, औषध घेत नाही म्हणालात ना!"
"ते औषध कुठलं? गोळी हाय की ती."
ॲस्पिरिन. उपाशी जठर तीच पोखरत असेल! मी गाढव. वहीतल्या एकूण एकाला चुकीच्या शब्दात विचारलंय.

१० फेब्रु.
साहेबांना सांगितलं. "एका माणसावरून शास्त्र रचतोस?" खरं आहे. पण गोळी बंद करा, असं बाबगोंडाला स्वतःच जाऊन सांगितलं. जुन्या पेशंटांना पत्रं टाकायची. या वेळी 'गोळी' असं लिहून.

११ फेब्रु.
दुपारी घरी. आईने अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. "पोटात आग पडलीय रे, चार दिवस झाले."
"औषध काही घेतेस?"
"मी काय आजारी आहे?"
मग मी हळूच विचारलं, "आणि गोळी?"
"डोक्याची ना? तू आणतोस तीच की. आज दोन झाल्या."
कपाटातली डबी काढली. वर माझंच अक्षर. 'डोके दुखल्यास.' डबी खिशात घातली.
"आणि डोकं उठलं की मी काय करू?" आईने विचारलं.
वहीत बायकांचं पान कोरं आहे. कोरंच राहू दे.